कुलाबा नंबर सत्तावीस

लष्करातून डबऱ्याची पहिली बस साडेपाचला.
डब्यात पोळी, बटाट्याची काचऱ्या-भाजी,
पिशवीत वीस नळ्या, प्लॅस्टिकच्या, हातभर लांब,
अर्ध्या अंगाला भोकं पाडलेल्या.
"मॅडम, बासरीचं दुकान काढलं का?" कंडक्टर.
हो, पण ही वाजवायची नसते,
हिच्यात डोकवायचं असतं.

वितरिकेच्या तोंडाशी गुरनेकसिंगांचं शेत.
पाणी घोट्याच्या वर, रात्रंदिवस.
धानाचे पाय कोरडे पडले की धान रुसतं,
हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं,
आणि वडिलांना कुणी, हे विचारायची
माझी काय प्राज्ञा.

मी नळी चिखलात रोवते, आतला गाळ बोटांनी उपसते.
मोरी आठ दिवस बंद ठेवायला लावते. ते आठ दिवस
त्यांनी माझ्याशी बोलायचंही बंद ठेवलं.
नवव्या दिवशी आम्ही दोघं वाकून बघतो,
आडात पडलेली घागर शोधावी तसे.
वरून शेत सुकलेलं, भेग पडू का नको विचारतंय.
आणि नळीत, चार बोटांखाली,
पाणी. त्यात वाटीभर आभाळ आणि त्यांची पगडी.

"वीतभर खाली जाऊ द्या, मग सोडा.
फुलोऱ्यात मात्र नाही, तेव्हा भरलेलंच हवं."
ते स्वतःची वीत मोजतात.
माझ्या वितीहून तीन बोटं मोठी.
मी काही बोलत नाही.

कुलाबा एक ते अकरा : हिरवं.
बारा ते वीस : कधी हिरवं, कधी भांडण.
एकविसाच्या पुढे पाट आहे, पाटात बाभळी आहेत.
सत्तावीस फूलवती बघेलचा,
त्याच्या तोंडात सरडा राहतो.
रजिस्टरात एक रकाना आहे, "शेवटास पोचले".
नऊ वर्षं मी तिथे आडवी रेघ मारत आले,
इतकी सराईत, की बँकेत सही करताना एकदा
तीच मारली.

भादव्यात उघडीप पडली. सहा दिवसांची पाळी
वरच्यांची चारात आटपली.
उरलेले दोन दिवस
मोरीखोलीच्या ओट्यावर चहाच्या पेल्यांमध्ये ठेवले
आणि वाटायला बसलो.
कुणी म्हणालं, नवी दहा बिघे धानाखाली आणू.
कुणी म्हणालं, माझ्या मेव्हण्याकडे मोटर आहे.
रामबरन कुशवाहांनी लाकडी काटकीने
जमिनीवर इतके भागाकार केले
की दोन दिवसांचे तास झाले, तासांच्या मिनिटांवरून
शिवीगाळ झाली.

मागून, पदर तोंडाशी धरून, फूलवती म्हणाली,
"एक दिवस मला द्या. दुसरा सोडा.
पार्वतीचा कुलाबा कितवा?"
माणसं हसली.
"हसा. माझी विहीर तिच्या पोटातून पिते.
ती आटली, तर वैशाखात तुमचा कालवा
मला काय पाजणार, शेवाळ?"
हा पुण्याचा हिशेब नव्हता, पाण्याचा होता,
म्हणून पटला. सगळ्यांना नाही.
रामबरन चहा अर्धा ठेवून उठले.

फॉर्मात नदीसाठी ओळ नसते.
बसच्या तिकिटाची कड पट्टीसारखी धरून
मी खाली आखली : अठ्ठावीस.
साहेब म्हणतील, हे कुठून वाढवलं?
सिंचन वाढवा असं तुम्हीच लिहिलंत, सांगेन,
मी एक खातेदार वाढवला.

परवा पहाटे फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना.
आधी बेडूक. मग खळाळ नव्हे,
कोरड्या मातीने घोट घेताना होतो तो आवाज,
बुडबुड, थांबणं, बुडबुड.
मग फूलवती, माझ्याशी नाही, दूर कुणावर तरी ओरडत,
"अरे बांध घाल, तिकडून फुटतंय! आंधळा आहेस का!"
फोन तिने बांधावरच विसरला असावा.
मी ऐकत राहिले. इकडे चहा उतू गेला.

रजिस्टर उघडलं. हात सवयीने रेघ मारायला गेला,
मधेच अडला.
तारीख लिहिली. वेळ लिहिली.
सरड्याचं काय झालं, ते विचारायचं राहिलं.